कारखाना बदलला, सरदार बदलला

आपल्या पूर्वजांची कथा सांगताना आपण जहाज, घाट आणि ऊस या तीन गोष्टी हमखास सांगतो. चौथी गोष्ट बहुधा राहून जाते. ती म्हणजे यंत्र. मॉरिशसच्या साखरेच्या वसाहतीत जेव्हा जेव्हा नवे यंत्र किंवा नवी पद्धत आली, तेव्हा तेव्हा माणसांवर हुकूम चालवणारा आणि माणसांच्या वतीने बोलणारा, असे दोघेही बदलले. आजचे आपले पुढारी, आपल्या बैठका, आपली मंडळे या बदलांतूनच घडली आहेत. म्हणून या स्मरणिकेत मी त्या बदलांचा इतिहास थोडक्यात मांडत आहे.

सरदाराचा काळ

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजाने कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईला आणले. त्यानंतर १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे या बेटावर उतरली. मुंबई बंदरातून आलेल्यांत कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसे होती. करार असे महिना पाच रुपयांचा. त्यावर तांदूळ, डाळ, तेल, मीठ असा शिधा मिळे.

वसाहत म्हणजे एक मोठी संस्थाच होती. वर मालक, त्याच्याखाली व्यवस्थापक, मग गोरे किंवा क्रेओल मुकादम, आणि सर्वांत खाली मजुरांच्या टोळीवर सरदार. सरदार आपल्यातलाच असे. तो मजुरांची भाषा बोले आणि साहेबाचा हुकूमही समजे. काही सरदार पुन्हा भारतात जाऊन आपल्या गावची माणसे घेऊन येत. तोच हजेरी घेई, अडीनडीला तोच पैसे उसने देई, सणाच्या दिवशी पूजेलाही तोच पुढे असे. त्याची सत्ता एकाच गोष्टीवर उभी होती : दोन बाजूंच्या मधोमध फक्त तो होता. मजुराला साहेबापर्यंत पोहोचायचे तर त्याच्याच मार्फत. म्हणून तो आधारही होता आणि अडसरही.

एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाई. याला 'डबल कट' म्हणत. हजेरीच्या वहीत काय लिहिले आहे हे मजुराला वाचता येत नसे. आपल्या इतिहासातला हा पहिला धडा आहे. वही ज्याच्या हाती, त्याच्या हाती माणूस.

फोटोचा कागद

१८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही जवळ फोटो लावलेले तिकीट बाळगणे सक्तीचे झाले. छायाचित्रण ही त्या काळची अगदी नवी कला होती. युरोपात श्रीमंत लोक हौसेने फोटो काढून घेत होते आणि आमच्या पूर्वजांचा पहिला फोटो निघाला तो पोलिसांना दाखवण्यासाठी. तिकीट नसेल तर भटक्या ठरवून पकडले जाई. तिकीट हरवले तर दुसरे घेण्याचा खर्च मजुराच्याच खिशातून.

या जाचाविरुद्ध १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेविट्झ यांच्या मदतीने ९,४०१ जुन्या मजुरांचा अर्ज राज्यपालांकडे गेला. त्यातून १८७२ मध्ये शाही आयोग बेटावर आला आणि १८७५ मध्ये त्याने मोठा अहवाल दिला. मजुरांचे गाऱ्हाणे सरदाराला वगळून थेट सरकारपर्यंत पोहोचले, ही मोठीच गोष्ट होती. कागदाने बांधलेली माणसे कागदानेच बोलू लागली.

तेच फोटो आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या संग्रहात आहेत. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांना पणजोबांचा चेहरा तेथेच पहिल्यांदा दिसला. पाळतीसाठी केलेले साधन आज ओळखीचे साधन झाले आहे.

वाफेची चक्की आणि जमिनीचे तुकडे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या लहानशा बेटावर साखरेचे अडीचशेहून अधिक कारखाने होते. पुढे युरोपात बीटची साखर आली आणि भाव पडले. तग धरायचा तर मोठी, नवी यंत्रे हवी होती आणि त्यासाठी भांडवल हवे होते. लहान कारखाने बंद होऊन त्यांचा ऊस मोठ्या कारखान्यांकडे जाऊ लागला. १८६४ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेमुळे साखरेची ने-आणही सोपी झाली होती.

पैसा उभा करण्यासाठी मालकांनी कडेच्या, खडकाळ, कमी पिकणाऱ्या जमिनींचे तुकडे पाडून विकायला काढले. यालाच 'मोर्सेलमां' म्हणतात. विकत घेणाऱ्यांत सरदार आणि मजुरांचे ठेकेदार आघाडीवर होते, कारण थोडी शिल्लक त्यांच्याजवळच होती. त्यांच्यामागून साधे मजूरही आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस उसाखालच्या जमिनीचा सुमारे तिसरा हिस्सा भारतीयांच्या हाती होता. यंत्राने मालकाला भांडवलाची गरज लावली आणि त्या गरजेतून आपल्याला जमीन मिळाली.

आता पुढारीही बदलला. वसाहतीच्या छावणीतून माणसे गावात राहायला आली आणि गावागावांत बैठका उभ्या राहिल्या. दिवसा ऊस, रात्री दिव्याखाली अक्षरे, भजन, पोथी. आपल्या मराठी वस्त्यांत झाकरी आणि गणपती होता. हेन्रिएटा येथे १८९६ मध्ये भिवाजी कुटुंबाने गणेश चतुर्थी सुरू केल्याचे सांगितले जाते. बैठकीत मान मिळे तो ज्याला वाचता येई त्याला, मग तो टोळीचा सरदार असो वा नसो.

१९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर हे वकील येथे आले. १९०९ मध्ये त्यांनी 'हिंदुस्थानी' हे वृत्तपत्र काढले आणि त्याच वर्षी आलेल्या शाही आयोगापुढे भारतीयांची बाजू मांडली. 'डबल कट' १९०९ मध्येच रद्द झाला. १९१३ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, तेव्हा हिशेबाची वही पहिल्यांदा आपल्याच माणसांच्या हाती आली.

उबा उसाचे भांडण

नव्या तंत्रावरून सर्वांत कडू भांडण झाले ते १९३७ मध्ये, आणि तेही उसाच्या एका जातीवरून. 'उबा' हा काटक ऊस होता. हलक्या जमिनीतही तो जोमाने वाढे, म्हणून लहान शेतकऱ्यांना तो परवडे. पण त्यात साखर कमी उतरते, असे कारखानदारांचे म्हणणे होते. त्यांनी उबाच्या भावात १५ टक्के कपात केली.

वजनकाटा कारखान्याचा, चाचणी कारखान्याची आणि भावही कारखान्याचाच. शेतकऱ्याला त्यातले काहीच तपासता येत नव्हते. ऑगस्ट १९३७ मध्ये युनियन फ्लाक येथे गोळीबार होऊन चार माणसे मेली. कारखान्याच्या हिशेबात कदाचित तथ्य असेलही. पण ज्याच्या पोटावर तो हिशेब येणार होता, त्याला आधी कोणी विचारलेच नाही.

एक वर्ष आधी, १९३६ मध्ये, डॉ. मोरिस क्युरे यांनी मजूर पक्ष स्थापन केला होता. दंगलीनंतर चौकशी झाली आणि १९३८ मध्ये कामगारांना संघटना करण्याचा कायदेशीर मार्ग मिळाला. त्याच वर्षी गोदी कामगारांचा संप झाला आणि एमानुएल आंकेतिल यांना रॉड्रिग्स बेटावर हद्दपार करण्यात आले. २७ सप्टेंबर १९४३ रोजी बेल व्ह्यू हारेल येथे पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. त्यात गरोदर असलेली अंजले कूपेन मारली गेली. आता पुढारी म्हणजे सरदार किंवा जमीनवाला राहिला नव्हता. माणसांनी निवडलेला युनियनचा माणूस पुढे आला होता.

पाटी-पेन्सिल हेही साधनच

शाळेत मुलांना शिकवताना मी सांगते की लिहिता येणे हेही एक यंत्रच आहे, फक्त त्याला चाक नाही. १९४७ च्या संविधानाने मतदानाचा हक्क अशा माणसांना मिळाला, ज्यांना बेटावरील मान्य भाषांपैकी एका भाषेत साधी वाक्ये लिहिता-वाचता येत. बसदेव विष्णुदयाळ आणि त्यांच्या स्वयंसेवकांनी गावोगाव, बैठकाबैठकांत प्रौढांना अक्षरे शिकवली. दिवसभर ऊस तोडून आलेले हात रात्री पाटी धरत होते. मतदार सुमारे बारा हजार होते, ते १९४८ मध्ये सत्तर हजारांवर गेले. स्वातंत्र्याचा रस्ता तेथून १२ मार्च १९६८ पर्यंत आला.

पोत्यांकडून यंत्राकडे

साखर पूर्वी पोत्यांत भरून जहाजावर चढवली जाई. अलोएच्या तंतूंची ती पोती पाठीवर वाहणारे गोदी कामगार देशातले सर्वांत बळकट संघटित कामगार होते. १९७१ च्या अखेरीस त्यांच्या संपाने देश थांबला आणि आणीबाणी लागू झाली. पण १९८० मध्ये पोर्ट लुई बंदरात सुट्या साखरेचे टर्मिनल सुरू झाले. पट्ट्यावरून साखर सरळ जहाजात जाऊ लागली. पाठीवरचे ओझे गेले आणि त्याबरोबर कामही गेले. ज्या युनियनला सरकारला हलवता आले, तिला पट्ट्याला थांबवता आले नाही.

पुढचा बदल शेतावर आला. २००१ मध्ये साखर उद्योगात स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि सुमारे ८,००० कामगारांनी ती घेतली. त्यांना रोख रक्कम आणि घरासाठी जमिनीचा तुकडा मिळाला. २००६ पासून युरोपने साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला आणि कारखाने आणखी आटले. अडीचशेहून अधिक होते, तेथे आज तीन उरले आहेत. पश्चिमेकडचा मेदीन कारखानाही २०१९ मध्ये बंद झाला. त्या परिसरात आपल्या मराठी वस्त्या आहेत, त्यामुळे अनेक घरांत हा बदल जवळून पाहिला गेला.

शेतातल्या काळ्या दगडांच्या राशी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्या पूर्वजांनी हातांनी वेचून रचल्या. ऊस तोडणारे यंत्र फिरावे म्हणून त्यांतल्या कितीतरी राशी बुलडोझरने हलवल्या गेल्या. मला त्याचे वाईट वाटते. पण कोयता आणि तळहाताचे घट्टे परत यावेत असे मात्र मी म्हणणार नाही.

या वेळचा फरक नीट पाहावा. १९३७ मध्ये बदल वरून लादला गेला आणि माणसे मेली. २००१ मध्ये बदलाआधी वाटाघाटी झाल्या, जमीन आणि रक्कम ठरली. मोबदला पुरेसा होता का, यावर आजही घराघरांत वाद होतात आणि ते व्हायलाच हवेत. पहाटे टोळीने शेतावर जाणाऱ्या बायका एकमेकींची सुखदुःखे तेथेच सांगत. तो सोबतीचा आधार कोणत्याच योजनेत मोजला गेला नाही. तरीही टेबलाच्या या बाजूला आपली माणसे बसली होती, हे त्या आधीच्या सत्तर वर्षांच्या झगड्याचे फळ होते.

आपल्या मंडळांसाठी

आता बदल आपल्या मंडळांच्या दारात आला आहे. सभेची सूचना फोनवर येते, वर्गणी बँकेतून जाते, सभासदांची यादी संगणकात असते. फोन चालवणारा तरुण आजचा सरदार होऊ शकतो, कारण मधोमध तोच उभा आहे. तो आधार होईल की अडसर, हे आपण कशी व्यवस्था लावतो यावर आहे.

इतिहास पाहता तीन प्रश्न प्रत्येक वेळी उपयोगी पडतात. ज्याच्यावर बदलाचा भार पडणार, त्याला आधी विचारले का? हिशेब आणि यादी एकाहून अधिक माणसांना वाचता येते का? ज्याचे काम जाणार, त्याच्या पदरात काय पडणार?

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक मंडळाने आपली जुनी हजेरीपत्रके, वर्गणीच्या वह्या आणि सभांची इतिवृत्ते या वर्षी संगणकात उतरवून घ्यावीत. हे काम एक वडीलधारा आणि एक तरुण अशा जोडीने करावे. वडीलधाऱ्याने जुनी मोडी-देवनागरी अक्षरे आणि माणसांची नावे ओळखावीत, तरुणाने यंत्र चालवावे, आणि काम संपेपर्यंत दोघांनीही एकमेकांचे शिकून घ्यावे. मूळ वह्या मात्र फेकू नयेत. त्या कोरड्या जागी, कुलपात, आणि दोन जणांकडे किल्ली ठेवून जपाव्यात.