सेवासंस्थांचे दप्तर

समाजसेवेची संस्था म्हटली की शाळा, दवाखाना, अन्नदान ही कामे डोळ्यांपुढे उभी राहतात. त्या कामांच्या मागे एक कपाटही असते. पाहणीची टिपणे, कुटुंबांच्या नोंदी, सभांची इतिवृत्ते त्यात साठत जातात. कार्यकर्ते बदलतात, आश्रयदाते जातात. संस्थेने जे शिकून ठेविले ते या दप्तरातच उरते. म्हणून संस्थेची पारख करताना जमाखर्चाबरोबर दप्तराचीही पारख करावी लागते. ती कोणत्या कसोटीवर करावी, हे मुंबईच्या इतिहासावरून, आणि विशेषेकरून गोरेगावच्या पूर्वेकडील दिंडोशीच्या एका वस्तीवरून, चांगले उमगते.

भारत सेवक समाजाचे सदस्य नारायण मल्हार जोशी यांच्या पुढाकाराने १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन झाली. रात्रशाळा व फिरती वाचनालये हे तिचे कार्य सर्वश्रुत आहे. परंतु सामाजिक वस्तुस्थितीची माहिती मिळवून तिचा अभ्यास करणे आणि त्यायोगे लोकमत घडविणे, हाही तिच्या उद्देशांचा भाग होता. दयेला माहितीची जोड हवी, हा विचार येथे रुजला.

पुढे नागपाड्यात क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने नेबरहुड हाऊस चालविले. तेथील अनुभवातून १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघाले. १९४४ पासून ते टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. १९४० पासून या संस्थेने समाजकार्याचे नियतकालिकही चालविले. एका कार्यकर्त्याचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडावा, ही सोय त्यामुळे झाली. मात्र ज्यांच्या घरची माहिती घ्यावयाची, त्यांच्या हाती ती परत जाण्याची वाट अद्याप मोकळी व्हावयाची होती.

त्या परतीचे मोल १९७६ नंतर कळून आले. त्या वर्षी महाराष्ट्र शासनाने झोपड्यांची गणना करून रहिवाशांना छायाचित्र असलेली ओळखपत्रे दिली. पदपथावर राहणारे बहुतेक लोक या गणनेतून सुटले. १० जुलै १९८५ रोजी ऑल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला. १९७६ च्या गणनेत ज्या पदपथवासीयांची नोंद झाली होती त्यांना पर्यायी जागा द्यावी, असे त्यात म्हटले होते. नोंद असणे आणि नसणे यांतील अंतर किती मोठे, हे त्या एका वाक्याने दाखवून दिले.

नागपाड्याच्या नेबरहुड हाऊसमध्ये पूर्वी काम केलेल्या काही कार्यकर्त्यांनी १९८४ साली स्पार्क ही संस्था काढली होती. १९८५ साली तिने भायखळा, नागपाडा या भागांतील पदपथांवरच्या सुमारे ६,००० कुटुंबांची पाहणी केली. पुढे हेच काम स्त्रियांच्या 'महिला मिलन' या संघटनेने अंगावर घेतले आणि ज्यांची मोजणी व्हावयाची तेच मोजणारे झाले.

१९८६ साली दक्षिण मुंबईतील संजय गांधी नगर ही वस्ती पाडण्यात आली. निवारा हक्क सुरक्षा समितीचे कार्यकर्ते व रहिवासी उपोषणास बसले. अभिनेत्री शबाना आझमी त्यांत होत्या. अखेर त्या कुटुंबांना दिंडोशीत जागा मिळाली. शासनाला नमविणारे बळ उपोषणाचे, यात संशय नाही. परंतु मिळालेली जागा कोणत्या घराने घ्यावयाची, हा प्रश्न अशा प्रत्येक वेळी येतोच, आणि तेथे घोषणा चालत नाहीत, यादी लागते.

तेव्हा सेवासंस्थेच्या दप्तराला तीन प्रश्न विचारावेत. त्याने लोकमत हलले काय? नव्या कार्यकर्त्याला त्याने वाट दाखविली काय? आणि ज्याची नोंद घेतली, त्याला अडचणीच्या दिवशी ती हाती घेऊन उभे राहता आले काय? पहिल्या दोहोंची उत्तरे संस्थेच्या अहवालातून मिळतील. तिसऱ्याचे उत्तर मात्र वस्तीत जाऊनच घ्यावे लागेल, आणि संस्थेची खरी परीक्षा तेथेच आहे.