ब्रेक निकामी होणे (मोटारगाडी)

चालत्या गाडीत पेडल दाबूनही चाकांना पुरेसा रोध न मिळणे. पेडल थेट तळाला जाते, स्पंजी लागते, किंवा घट्ट लागूनही गाडीचा वेग उतरत नाही. तिन्हींची कारणे वेगळी असतात. सह्याद्रीतले घाट उतरताना हा प्रसंग येण्याचा संभव सपाट रस्त्यापेक्षा बराच जास्त असल्याने येथे मुख्यतः घाटातील छोट्या कौटुंबिक मोटारीचा विचार केला आहे.

रचना : पेडलचा दाब मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइलमार्फत चाकांपर्यंत जातो. पुढे बहुधा डिस्क व पॅड असतात आणि मागे ड्रम व लायनर. दाबाच्या दोन स्वतंत्र वाहिन्या असतात. इंजिनाच्या निर्वातावर चालणारा बूस्टर पायाचा जोर वाढवतो. पारंपरिक हँडब्रेक केबलने मागच्या चाकांवर चालतो. त्याला ऑइल लागत नाही, म्हणून मुख्य ब्रेक गेल्यावरही तो उरतो.

कारणे : गळती, फुटलेला होज, मास्टर सिलिंडरचे झिजलेले सील, झिजून पत्र्यापर्यंत आलेले पॅड. यांतील गळतीने सहसा एकच वाहिनी जाते. पेडल खूप खाली जाते, पण दोन चाकांचा ब्रेक शिल्लक असतो.

घाटातील कारण मात्र उष्णता हे असते. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. प्रवाशांसह १,२०० किलोची गाडी या उतारात जवळपास ५९ लाख ज्यूल ऊर्जा सोडते. ताशी ६० किमी वेगातून ३५ वेळा पूर्ण थांबण्याएवढी ही ऊर्जा आहे. हवेचा व टायरचा रोध आणि इंजिन यांनी घेतलेला वाटा सोडून उरलेल्या ऊर्जेची ब्रेकमध्ये उष्णता होते. न्यूट्रलवर गाडी सोडली की इंजिनाचा वाटा शून्य होतो. पेट्रोल वाचवण्यासाठी घाट न्यूट्रलवर उतरण्याची सवय म्हणूनच घातक आहे. शिवाय आजच्या इंजेक्शन इंजिनात गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की इंधनपुरवठा तोडला जातो, त्यामुळे न्यूट्रलवर तेवढीही बचत होत नाही.

तापलेल्या पॅडचे घर्षण कमी होते (ब्रेक फेड). तेव्हा पेडल घट्टच राहते. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. ताजे डॉट ३ ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसला उकळावे, तर डॉट ४ किमान २३० अंशांना, असे मानक आहे. सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर हीच किमान मर्यादा अनुक्रमे १४० व १५५ अंशांवर येते. कॅलिपरमधील ऑइल उकळले की वाफ तयार होते. वाफ दाबली जाते आणि पेडलचा सगळा प्रवास तिला दाबण्यातच संपतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत दोन वाहिन्या तिरप्या वाटलेल्या असतात, म्हणजे प्रत्येक वाहिनीवर पुढचे एक चाक येते. सर्वाधिक तापतात ती पुढचीच चाके. त्यामुळे गळतीपासून वाचवणारी ही व्यवस्था वाफेपुढे कमी पडते. गाडी थंड झाली की वाफ पुन्हा द्रव होते, पेडल पूर्ववत लागते आणि गॅरेजमध्ये ‘काहीच दोष नाही’ असे ठरते. ऑइलमधले पाणी मात्र तसेच राहते.

पेडलखाली घरंगळलेली पाण्याची बाटली किंवा सरकलेली मॅट हेही कारण असू शकते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर ब्रेक तात्पुरते कमी लागतात. हलका ब्रेक दाबून थोडे अंतर चालवल्यास ते वाळतात.

पूर्वखुणा : जळका वास, चाकाजवळ धूर, पेडल दरवेळी थोडे अधिक खाली जाणे. यांपैकी काहीही जाणवल्यास सुरक्षित जागी थांबून ब्रेक निवू द्यावेत.

चालत्या गाडीतील उपाय : प्रथम अॅक्सिलरेटरवरून पाय काढावा. पेडल खाली जात असेल तर ते भराभर पंप करावे, दाब पुन्हा तयार होण्याची शक्यता असते. पेडल घट्ट असेल तर पंप न करता पूर्ण जोराने दाबून धरावे. त्याच वेळी गिअर एकेक करून खाली आणावा. पाचव्यातून थेट पहिल्यात टाकण्याचा प्रयत्न केल्यास गिअर पडत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये अडकते. क्लच दाबून धरणे म्हणजेही न्यूट्रलच, म्हणून गिअर पडताच तो सोडावा. ऑटोमॅटिकमध्ये लिव्हर एल, २ किंवा मॅन्युअल स्थितीत न्यावा. पी किंवा रिव्हर्सला हात लावू नये.

हँडब्रेक झटक्याने ओढल्यास मागची चाके लॉक होऊन गाडी आडवी जाते. टोकाचे बटण अंगठ्याने दाबलेले ठेवून लिव्हर हळूहळू वर घ्यावा आणि मागचा भाग घसरू लागताच थोडा सोडून पुन्हा घ्यावा. बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या बऱ्याच गाड्यांत बटण ओढून धरल्यास गाडी नियंत्रितपणे थांबते. आधी गिअर की आधी हँडब्रेक, यावर एकमत नाही. वेग जास्त असताना गिअरला प्राधान्य देणे सुरक्षित.

इंजिन बंद करू नये. बूस्टरमध्ये एकदोन दाबांपुरताच निर्वात उरतो, स्टिअरिंग जड होते आणि किल्ली काढल्यास ते लॉकही होऊ शकते. हॉर्न व हेडलाइट चालू ठेवावेत. चढाचा फाटा किंवा मोकळी मातीची बाजू मिळाल्यास गाडी तिकडे घ्यावी. बोरघाट व थळ घाटातील रेल्वेमार्गावर निसटलेल्या गाडीसाठी कॅच साइडिंग (चढाचे बाजूचे रूळ) असतात, त्यांचेही तत्त्व हेच. काहीच न मिळाल्यास दरीकडे न जाता डोंगराकडच्या कठड्याला गाडी चिंचोळ्या कोनात घासत न्यावी. समोरासमोर आदळण्यापेक्षा हे नेहमीच बरे.

थांबल्यावर : गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकू किंवा तडकू शकते. पेडल पूर्ववत लागले तरी पुढचा प्रवास टोइंगनेच करावा.

प्रतिबंध : घाट ज्या गिअरमध्ये चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा चालकांत रूढ असलेला नियम योग्य आहे. मात्र त्याच गिअरमध्ये पेट्रोल इंजिनाचा रोध साध्या डिझेलपेक्षा सहसा अधिक मिळतो. ब्रेकवर सतत पाय न ठेवता वेग वाढल्यावर ठाम दाबावा व सोडावा. ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावे. टाकीतली पातळी ठीक दिसते म्हणून ते चांगले असे नव्हे. बदलताना सर्व चाकांतून एअर काढणे आवश्यक.

विद्युत मोटारी : बॅटरी पूर्ण भरलेली असताना पुनर्जननाचा रोध, म्हणजे बॅटरीत ऊर्जा परत भरताना चाकांना मिळणारा रोध, कमी मिळतो. घाटमाथ्यावर शंभर टक्के चार्ज करून उतरू नये.

कायदा : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ ब्रेकविषयी आहे.