सही करण्यापूर्वी

माझं पाठीचं दुखणं आता सगळ्या नातेवाईकांना पाठ झालं आहे, त्यामुळे ते पुन्हा उगाळत नाही. मणक्यातली नळी अरुंद झाली आहे, एवढं पुरे. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मणक्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यायला सुचवलं आणि संमतीचा कागद पुढे केला. 'कोणी, केव्हा, कुठे, का' हे मुलांना विचारण्यात जन्म गेला. सही न करता कागद घेऊन घरी आले आणि मुलाला म्हटलं, "आधी याचा इतिहास शोधून दे रे."

१९०१ साली पॅरिसमध्ये सिकार आणि कातलँ या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, माकडहाडाजवळून सुई घालून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत कोकेन सोडलं. हीच ती 'एपिड्यूरल' जागा. तेव्हा स्टिरॉइड नव्हतंच. ते आलं १९४८ मध्ये. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिझोन दिलं आणि थोड्याच दिवसांत ती हिंडूफिरू लागली. १९५० साली हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. मग १९५२ मध्ये इटलीत रोबेक्की आणि काप्रा यांनी हे औषध मणक्यापाशी दिलं. दबलेल्या नसेची सूज औषधाने उतरेल, असा सरळ विचार.

आता गंमत बघा. पुढे याच कामासाठी सर्रास वापरलं गेलेलं मिथिलप्रेडनिसोलोन अमेरिकेत १९५९ साली मंजूर झालं, पण स्नायू, सांधे वगैरे जागांसाठी. एपिड्यूरल जागा त्या यादीत नव्हती आणि आजही नाही. मंजूर औषध डॉक्टर आपल्या जबाबदारीवर दुसऱ्या कारणासाठी देऊ शकतात. तिथे त्याला 'ऑफ-लेबल' म्हणतात. म्हणजे बेकायदा नाही, पण त्या जागेसाठी तपासून शिक्का मारलेलंही नाही. हा फरक मला या वयात कळला.

२०१२ साली तर अनर्थच झाला. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटरने बनवलेल्या या औषधाच्या कुप्यांत बुरशी निघाली. अशा सतरा हजारांहून अधिक कुप्या बाहेर गेल्या होत्या. टेनेसीतल्या एका डॉक्टरने मेंदुज्वराचा विचित्र रुग्ण आरोग्य खात्याला कळवला, तेव्हा प्रकरण उघडकीस आलं. २० राज्यांत ७५३ जण आजारी पडले. सरकारी मोजणीत ६४ जण दगावले. मालकाला पुढे तुरुंगवास झाला आणि २०१३ मध्ये नवा कायदा आला.

पण शिक्षिकेने दोन धडे एकत्र करू नयेत. तो दोष अस्वच्छतेचा होता, औषधाचा नव्हे. औषधाचा धोका वेगळा. त्यातल्या काही प्रकारांत बारीक कण असतात. सुई चुकून रोहिणीत गेली, तर ते कण मेंदूचा किंवा मज्जारज्जूचा रक्तपुरवठा अडवू शकतात. मानेत ही भीती जास्त. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने इशारा दिला: क्वचित, पण दृष्टी जाणं, पक्षाघात, मृत्यूसुद्धा संभवतो, आणि या वापराची सुरक्षितता व उपयोग सिद्ध झालेला नाही. तो इशारा औषधाच्या माहितीपत्रकात छापायला लावला. बंदी मात्र घातली नाही.

त्याच वर्षी माझ्यासारख्याच, नळी अरुंद झालेल्या ४०० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना बधिर करणारं औषध आणि स्टिरॉइड, निम्म्यांना नुसतं बधिर करणारं औषध. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांना बरं वाटत होतं. फरक जवळजवळ नव्हताच. सरकलेल्या गादीमुळे पायात कळ जाते त्यांना मात्र काही आठवडे थोडा आराम पडतो, असं इतर चाचण्यांत दिसलं आहे. तेव्हा सरसकट वाईट म्हणणंही चूक.

परवा डॉक्टरांना तीन प्रश्न विचारले. या जागेसाठी मंजुरी आहे का? औषध कणांचं की बिनकणांचं? माझ्या दुखण्याला किती दिवस उपयोग? रागावतील असं वाटलं होतं, पण ते नीट बसून बोलले. "मंजुरी नाही बाई, पण जगभर देतात," असं स्पष्ट म्हणाले. मला तो खरेपणा आवडला.

तूर्त व्यायाम आणि शेक चालू आहे. उद्या दुखणं असह्य झालं तर घेईनही इंजेक्शन. पण सही करताना ती कशावर करते आहे, हे मला माहीत असेल. तुम्हीही विचारत जा, एवढंच.

असो. कागद अजून टेबलावरच आहे.