ग्राफिक्स कार्डांचे मूल्यमापन

संगणकाच्या पडद्यावर उमटणारे चित्र तयार करण्याचे काम मुख्य प्रक्रियकाकडून आपल्याकडे घेणारा, स्वतःचा प्रक्रियक व स्वतःची स्मृती असलेला विद्युत् मंडल-फलक म्हणजे ग्राफिक्स कार्ड होय. त्रिमितीय खेळांतील दृश्ये असंख्य त्रिकोणांची बनलेली असतात. या त्रिकोणांची स्थाने ठरविणे, त्यांचे पडद्यावरील चित्रबिंदूंत रूपांतर करणे आणि प्रत्येक बिंदूचा रंग व प्रकाश निश्चित करणे, ही कामे एका सेकंदात अनेक वेळा नव्याने करावी लागतात. अशा रीतीने पूर्ण झालेल्या एका चित्राला फ्रेम म्हणतात. कार्ड सेकंदाला किती फ्रेम देते, त्या किती नियमित अंतराने देते, त्यांचा दर्जा कसा असतो आणि त्यासाठी किती वीज व पैसा खर्ची पडतो, यांची तुलनात्मक परीक्षा म्हणजे कार्डाचे मूल्यमापन. उच्च श्रेणीच्या कार्डाची किंमत पुष्कळदा उरलेल्या संपूर्ण संगणकापेक्षाही अधिक असते आणि खरेदीपूर्वी ते चालवून पाहण्याची सोय ग्राहकाला सहसा नसते. प्रसिद्ध झालेल्या आकड्यांवरच त्याला विसंबून राहावे लागते. त्यामुळे मापन कोणी, कशाचे व कोणत्या परिस्थितीत करावयाचे, हा प्रश्न या क्षेत्रात आरंभापासून महत्त्वाचा ठरला आहे.

पूर्वपीठिका : आयबीएम कंपनीच्या १९८१ मधील वैयक्तिक संगणकासाठी जे रंगीत कार्ड उपलब्ध होते, ते ३२० × २०० चित्रबिंदूंच्या चित्रात एका वेळी चार रंग दाखवू शके. १९८७ मध्ये आलेल्या व्हीजीए या प्रमाणकामुळे ६४० × ४८० चित्रबिंदू व १६ रंग, किंवा कमी बिंदूंच्या चित्रात २५६ रंग दाखविणे शक्य झाले. या काळातील कार्डे तयार चित्र पडद्याकडे पाठविण्यापुरतीच उपयोगी होती. १९९३ मधील ‘डूम’ व १९९६ मधील ‘क्वेक’ या खेळांतील दृश्यांची गणिते मुख्य प्रक्रियकच करीत असे. साहजिकच कार्डाची निवड करताना रंगांची व बिंदूंची संख्या पाहणे पुरेसे होई.

१९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स या अमेरिकन कंपनीच्या व्हूडू ग्राफिक्स या संचाने ही परिस्थिती पालटली. हे कार्ड केवळ त्रिमितीय चित्रणाचे काम करी. नेहमीच्या चित्रासाठी संगणकात दुसरे कार्ड ठेवून दोन्ही बाहेरून तारेने जोडावी लागत. असे असूनही त्याची गती व चित्राचा गुळगुळीतपणा इतका नजरेत भरणारा होता, की खेळांसाठी स्वतंत्र कार्ड घेण्याची प्रथा त्यातूनच रूढ झाली. १९९९ मध्ये एनव्हीडिया कंपनीने जीफोर्स २५६ हे कार्ड आणले. त्रिकोणांची स्थाने व त्यांवरील प्रकाश यांचे गणितही कार्डावरच होऊ लागले आणि ‘जीपीयू’ ही संज्ञा या कार्डाच्या प्रचाराबरोबर लोकांत रुळली. २००० च्या अखेरीस थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एनव्हीडियाने विकत घेतल्यावर प्रमुख स्पर्धा एनव्हीडिया व कॅनडातील एटीआय या दोन कंपन्यांत उरली. एटीआय कंपनी २००६ मध्ये एएमडीने विकत घेतली.

सरासरीचे युग : ‘क्वेक’ या खेळात आधी नोंदविलेला खेळ शक्य तितक्या वेगाने पुन्हा चालवून त्याची सेकंदाला सरासरी किती फ्रेम ही गती सांगणारी एक आज्ञा होती. तीच मूल्यमापनाचे पहिले लोकमान्य साधन ठरली. सर्वांना एकच दृश्य, एकच मार्ग व शेवटी एकच आकडा मिळत असल्याने तुलना सोपी झाली. याच सुमारास फिनलंडमध्ये तयार झालेली थ्रीडीमार्क ही केवळ परीक्षेसाठी रचलेली आज्ञावली प्रचारात आली आणि कार्डाची योग्यता गुणांच्या रूपाने सांगितली जाऊ लागली.

तथापि जी परीक्षा सर्वमान्य होते, तिच्यापुरतीच तयारी करण्याचा मोहही उत्पादकाला होतो. २००१ मध्ये एटीआयच्या रेडिऑन ८५०० या कार्डाबाबत याचा प्रत्यय आला. ‘क्वेक ३’ या खेळाच्या फाइलीचे नाव बदलून ‘क्वॅक’ असे केले असता कार्डाची गती कमी होते, असे परीक्षकांना आढळले. कार्ड चालविणारी ड्रायव्हर ही आज्ञावली खेळाला त्याच्या नावावरून ओळखून चित्राचा दर्जा उतरवीत होती व त्या बदल्यात गती वाढवीत होती. पुढील ड्रायव्हरमध्ये हा दोष काढण्यात आला.

२००३ मधील प्रकरण अधिक गंभीर होते. थ्रीडीमार्क ०३ या परीक्षेत कॅमेरा ठरीव मार्गाने फिरतो. एनव्हीडियाच्या ड्रायव्हरमध्ये त्या मार्गावरून न दिसणारा भाग काढून टाकण्याची पूर्वयोजना होती; कॅमेरा मार्गाबाहेर नेताच दृश्यातील रिकाम्या जागा उघड्या पडल्या. परीक्षेच्या निर्मात्यांनी दुरुस्ती करताच जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्रा या कार्डाचे गुण जवळजवळ एक-चतुर्थांशाने घटले. एटीआयच्या कार्डाच्या गुणांतही थोडी घट आढळली. पुढे निर्मात्यांनी व एनव्हीडियाने संयुक्त निवेदन काढून या कृतीला फसवणूक न म्हणता विशिष्ट आज्ञावलीपुरती केलेली सुधारणा म्हटले. शब्द सौम्य झाले, तरी ठरीव दृश्यावर एकट्यावर भरवसा ठेवू नये हा धडा परीक्षकांनी घेतला. अनेक खेळांत, स्वतः निवडलेल्या दृश्यांत मोजणी करण्याची व पडद्यावरील चित्रांची शेजारी-शेजारी तुलना करण्याची पद्धत त्यानंतर दृढ झाली.

फ्रेममधील अंतराचे मापन : सरासरीचा दुसरा दोष गणिती स्वरूपाचा आहे. सेकंदाला ६० फ्रेम देणाऱ्या आदर्श कार्डाची प्रत्येक फ्रेम सु. १६·७ मिलिसेकंदांत तयार होते. दुसऱ्या एखाद्या कार्डाच्या ५९ फ्रेम प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत व उरलेली एक ११५ मिलिसेकंदांत तयार झाली, तरी त्याचीही सरासरी ६० च येते. परंतु खेळणाऱ्याला त्या एका फ्रेमशी दृश्य अडखळल्याचे स्पष्ट जाणवते. सप्टेंबर २०११ मध्ये स्कॉट वॉसन यांनी टेक रिपोर्ट या प्रकाशनात प्रत्येक फ्रेमला लागणारा वेळ मांडून हा दोष उघड केला. २०१३ मध्ये पडद्याकडे जाणारा संकेत मुद्रित करून त्यातील रंगीत पट्ट्यांवरून प्रत्येक फ्रेम मोजण्याचे तंत्र पुढे आले. एएमडीची दोन कार्डे एकत्र चालविली असता मोजल्या जाणाऱ्या काही फ्रेम पडद्यावर केवळ अरुंद पट्टीएवढ्याच दिसतात, असे त्यातून सिद्ध झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एएमडीने फ्रेममधील अंतर सुधारणारा ड्रायव्हर प्रसृत केला. मापनपद्धती सुधारल्यामुळे वस्तू सुधारल्याचे हे ठळक उदाहरण होय. तेव्हापासून सरासरीसोबत सर्वांत मंद एक टक्का फ्रेमची गती देण्याचा प्रघात पडला.

घोषित गुणधर्म व प्रत्यक्ष वस्तू : २०१४ मध्ये आलेल्या जीफोर्स जीटीएक्स ९७० या कार्डाची स्मृती ४ गिगाबाइट असल्याचे सांगण्यात आले होते. त्यांपैकी ०·५ गिगाबाइटचा भाग उरलेल्या ३·५ गिगाबाइटपेक्षा पुष्कळ मंद असल्याचे जानेवारी २०१५ मध्ये उघडकीस आले. अमेरिकेत यावरून दावे झाले व २०१६ मधील तडजोडीनुसार ग्राहकांना प्रत्येक कार्डामागे ३० डॉलर देऊ करण्यात आले. २०२२ मध्ये एनव्हीडियाने आरटीएक्स ४०८० या एकाच नावाने १६ व १२ गिगाबाइटची दोन कार्डे जाहीर केली. त्यांत केवळ स्मृतीचाच नव्हे, तर प्रक्रियकाचाही फरक होता. टीकेनंतर ऑक्टोबरमध्ये १२ गिगाबाइटचे कार्ड मागे घेण्यात आले व जानेवारी २०२३ मध्ये ते आरटीएक्स ४०७० टीआय या नावाने विक्रीस आले.

परीक्षणासाठी लागणारी कार्डे बहुधा उत्पादकच विक्रीपूर्वी पाठवितात, ही या व्यवस्थेतील मूलभूत अडचण आहे. डिसेंबर २०२० मध्ये एनव्हीडियाने हार्डवेअर अनबॉक्स्ड या ऑस्ट्रेलियन परीक्षकांना, ते किरण-अनुरेखनाला पुरेसे महत्त्व देत नाहीत या कारणावरून, आपली कार्डे पाठविण्याचे थांबविले. जाहीर निषेध होताच हा निर्णय काही दिवसांतच मागे घेण्यात आला. कशाचे मापन करावे हे मापन करणाऱ्याने ठरवावे की वस्तू विकणाऱ्याने, असा या वादाचा गाभा होता.

नवी परिमाणे : सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या आरटीएक्स २०८० टीआय या कार्डापासून प्रकाशकिरणांचा मार्ग गणिताने शोधून छाया व प्रतिबिंबे काढण्याची, म्हणजेच किरण-अनुरेखनाची, क्षमता खेळांच्या कार्डांत आली. हे काम जड असल्याने कमी बिंदूंचे चित्र काढून ते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने मोठे करण्याचे तंत्रही सोबत आले. २०२२ मधील आरटीएक्स ४०९० या कार्डात याच्या पुढचे पाऊल टाकण्यात आले : दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक कृत्रिम फ्रेम भरली जाऊ लागली. अशा फ्रेममुळे हालचाल सलग दिसते; मात्र खेळणाऱ्याच्या कृतीला मिळणारा प्रतिसाद त्या प्रमाणात जलद होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये ५४९ डॉलर किंमतीचे आरटीएक्स ५०७० हे कार्ड आरटीएक्स ४०९० इतकी कामगिरी करते, असे एनव्हीडियाने जाहीर केले, तेव्हा त्या तुलनेत अशा अनेक कृत्रिम फ्रेम धरलेल्या होत्या. स्वतंत्र परीक्षणांत त्या वगळल्यावर दोन कार्डांतील अंतर पुष्कळ मोठे असल्याचे दिसून आले. फ्रेमची संख्या हे जे मूळ माप, तेच यामुळे संदिग्ध झाले असून फ्रेमबरोबर प्रतिसादाला लागणारा विलंबही मोजणे आवश्यक ठरले आहे.

वीजवापराचे महत्त्वही वाढले आहे. २०१७ मधील जीटीएक्स १०८० टीआय या कार्डाची घोषित वीजमर्यादा २५० वॉट होती. आरटीएक्स ४०९० ची ४५० वॉट, तर जानेवारी २०२५ मध्ये विक्रीस आलेल्या आरटीएक्स ५०९० ची ५७५ वॉट आहे. याच क्रमाने त्यांच्या अमेरिकेतील आरंभीच्या किंमती ६९९, १,५९९ व १,९९९ डॉलर होत्या. २०२२ च्या अखेरीस काही आरटीएक्स ४०९० कार्डांची वीजजोडणी वितळल्याच्या घटना घडल्या. जोडणी पूर्ण आत न बसणे हे त्यामागील एक प्रमुख कारण असल्याचे तपासणीत आढळले आणि २०२३ मध्ये जोडणीच्या प्रमाणकात सुधारणा करण्यात आली. परिणामी तापमान, पंख्याचा आवाज, जोडणीची सुरक्षितता व प्रत्येक वॉटमागे मिळणाऱ्या फ्रेम यांचाही परीक्षणात समावेश होतो.

कार्डाची योग्यता एका आकड्यात सांगता येत नाही, असे या इतिहासावरून दिसते. ग्राहकाच्या पडद्याचे चित्रबिंदू, त्याचा मुख्य प्रक्रियक, तो खेळत असलेले खेळ व त्याची खर्च करण्याची ऐपत यांनुसार उत्तर बदलते. म्हणून परीक्षणाचे मोल त्यातील आकड्यांइतकेच, ते आकडे कसे मिळविले हे उघडपणे सांगण्यावर व इतरांना तीच मोजणी पुन्हा करून पाहता येण्यावर अवलंबून असते.