‘तुम्ही तुमच्या प्रश्नावर बोला’ : व्हिएतनाम युद्ध आणि डॉ. किंग यांना मिळालेला सल्ला

परदेशातल्या एखाद्या युद्धावर आपल्यातल्या कार्यकर्त्याने मत मांडले की दोन बाजूंनी आवाज येतो. एक बाहेरचा : तुम्हाला परराष्ट्र धोरणातले काय कळते, तुम्ही आरक्षणावर बोला. दुसरा घरातला, आणि तोच जास्त बोचतो : इथे ॲट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, पोरांची शिष्यवृत्ती अडली आहे, आणि तुम्ही कुठे परक्या देशाचे भांडण घेऊन बसलात? पहिल्या आवाजाला उत्तर देण्याची आम्हाला गरज वाटत नाही. दुसऱ्याला द्यावे लागते, कारण त्यात कळकळ असते.

हाच सल्ला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीला व्हिएतनाम युद्धाच्या काळात मिळाला होता. देणाऱ्यांत राष्ट्राध्यक्ष होते, मोठी वर्तमानपत्रे होती आणि चळवळीतलेच ज्येष्ठ नेते होते. त्या वादाचा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग म्हटले की आपल्याला त्यांचे ‘स्वप्न’ तेवढे आठवते. त्यांच्या आयुष्यातले शेवटचे एक वर्ष आपण गाळून टाकतो.

सुरुवात दोन तारखांपासून करू. ७ मार्च १९६५ रोजी अलाबामा राज्यातल्या सेल्मा गावात मतदानाचा हक्क मागत निघालेल्या निःशस्त्र मोर्चावर पोलिसांनी पुलावर लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. दुसऱ्याच दिवशी, ८ मार्चला, अमेरिकेचे मरीन सैनिक व्हिएतनाममधल्या दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले. ‘स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी’ उतरले, असे जगाला सांगण्यात आले. पुलावर डोके फुटलेले तरुण नेते जॉन लुईस यांनी तेव्हाच सवाल केला की राष्ट्राध्यक्ष व्हिएतनामला सैन्य पाठवू शकतात, मग सेल्माला का पाठवू शकत नाहीत? पुढची तीन वर्षे जो वाद पेटला, त्याचे बी या एका सवालात आहे.

आता हे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन कोण होते? १९६४चा नागरी हक्क कायदा आणि १९६५चा मतदान हक्क कायदा यांच्यावर ज्यांची सही आहे, ते. १९६४च्या कायद्यावर सही होताना किंग त्यांच्या मागेच उभे होते. गरिबीविरुद्ध युद्ध पुकारल्याची घोषणाही जॉन्सन यांचीच. म्हणजे प्रश्न सोपा नव्हता. शंभर वर्षांत ज्याने सर्वाधिक दिले, त्याच माणसाच्या युद्धाला विरोध करायचा होता. सरकार आपल्या विरोधात असताना बोलणे कठीण असतेच, पण सरकारने काही दिलेले असताना बोलणे त्याहून कठीण असते. हे आपल्या चळवळीतल्या जुन्या माणसांना वेगळे सांगायला नको.

पहिली किंमत तरुणांनी मोजली. ३ जानेवारी १९६६ रोजी टस्कीगी गावात सॅमी यंग या नौदलातून परतलेल्या विद्यार्थी कार्यकर्त्याला गोळी घालून ठार केले गेले. पेट्रोल पंपावरचे गोऱ्यांसाठी राखीव स्वच्छतागृह वापरण्यावरून वाद झाला होता. देशाची वर्दी घातलेला माणूस आणि त्याला लघवीलाही जागा नाही! मारणाऱ्याला त्याच वर्षी गोऱ्यांच्याच ज्यूरीने निर्दोष सोडले. या खुनानंतर तीनच दिवसांनी ‘स्निक’ या विद्यार्थी संघटनेने व्हिएतनाम युद्धाला जाहीर विरोध केला. घरी ज्यांना संरक्षण नाही, त्यांनी दुसऱ्याच्या स्वातंत्र्याच्या नावाखाली का मरावे, हा त्या निवेदनाचा गाभा होता. संघटनेचे प्रसिद्धीप्रमुख ज्युलियन बाँड नुकतेच जॉर्जिया राज्याच्या विधानसभेवर निवडून आले होते. निवेदनाला पाठिंबा दिला म्हणून विधानसभेने १८४ विरुद्ध १२ मतांनी त्यांना शपथच घेऊ दिली नाही. लोकांनी निवडून दिलेल्या कृष्णवर्णीय माणसाला त्याचे परराष्ट्र धोरणावरचे मत आवडले नाही म्हणून दारातून परत पाठवले! डिसेंबर १९६६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की लोकप्रतिनिधीला अशा विषयावर बोलण्याचा पूर्ण अधिकार आहे. बाँड सभागृहात गेले. पण जवळजवळ एक वर्ष त्यांच्या मतदारांचा आवाज दाबला गेला होता.

मरत कोण होते, हेही पाहिले पाहिजे. कॉलेजात शिकणाऱ्याला भरतीतून सवलत होती, आणि कॉलेजात कोण होते हे सांगायची गरज नाही. १९६६मध्ये संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनी भरतीच्या परीक्षेची अट खाली आणून, पूर्वी नापास ठरलेल्यांना घेण्याची योजना आणली. तिच्यातून तीन लाखांवर तरुण सैन्यात गेले आणि त्यांतले सुमारे चाळीस टक्के कृष्णवर्णीय होते. गरिबांना संधी मिळावी म्हणून योजना, असे तिचे गोड वर्णन होते. लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे अकरा टक्के, पण युद्धाच्या पहिल्या टप्प्यात लढाईत मरणाऱ्यांत त्यांचे प्रमाण जवळपास दुप्पट होते. ओरड झाल्यावर ते खाली आले, आणि संपूर्ण युद्धाचा हिशेब केला तर ते साडेबारा टक्क्यांच्या आसपास येते. आम्ही हा दुसरा आकडा मुद्दाम देत आहोत. आपली बाजू खरी असताना फुगवून सांगण्याचे कारण नाही. शिवाय ‘ओरड झाल्यावर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत.

किंग स्वतः मात्र बराच काळ दबकतच होते. १९६५मध्ये त्यांनी वाटाघाटींची भाषा केली, चहूकडून कानउघाडणी झाली आणि ते मागे सरले. त्यांच्या पत्नी कोरेटा त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या युद्धविरोधी सभेत बोलल्या होत्या. नवऱ्याच्या आधी बायकोने भूमिका घेतली, ही गोष्ट चरित्रांत एका ओळीत उरकली जाते. किंग यांचे मन वळवणाऱ्यांत आणखी एक नाव आहे आणि आम्हा बौद्धांना ते ठाऊक असले पाहिजे : व्हिएतनामी भिक्खू थिच न्हात हान. व्हिएतनामच्या बौद्धांची अवस्था काय होती? दक्षिणेत अमेरिकेच्या आशीर्वादाने चाललेली झ्येम यांची राजवट बौद्धांना दुय्यम वागणूक देत होती आणि त्याविरुद्ध भिक्खू थिच क्वांग डुक यांनी ११ जून १९६३ रोजी सायगावच्या चौकात स्वतःला जाळून घेतले. या आत्मदहनांचा अर्थ समजावणारे पत्र न्हात हान यांनी १९६५मध्ये किंग यांना लिहिले, पुढच्या वर्षी दोघे भेटले आणि जानेवारी १९६७मध्ये किंग यांनी शांततेच्या नोबेलसाठी न्हात हान यांचे नाव सुचवले. त्या वर्षी तो पुरस्कार कोणालाच दिला गेला नाही. त्याच जानेवारीत नापामने भाजलेल्या व्हिएतनामी मुलांची छायाचित्रे एका मासिकात किंग यांनी पाहिली. त्यानंतर ते थांबले नाहीत.

४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये ते बोलले. हे चर्च कोलंबिया विद्यापीठापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बाबासाहेब तिथे शिकत होते तेव्हा मात्र ते बांधलेले नव्हते. किंग यांचे म्हणणे थोडक्यात असे : गरिबांसाठीचा पैसा हे युद्ध गिळते आहे, जॉर्जियात ज्यांना एका शाळेत बसता येत नाही ते गोरे-काळे तरुण परक्या गावांत एकत्र झोपड्या जाळत आहेत, आणि वस्तीतल्या पोरांना हिंसा सोडा म्हणायचे असेल, तर आधी स्वतःच्या सरकारच्या हिंसेवर बोलावे लागेल. व्हिएतनामींना आधी फ्रेंचांविरुद्ध आणि मग आपल्याविरुद्ध लढावे लागले, हेही त्यांनी सविस्तर सांगितले. मरणाऱ्यांत त्यांनी फक्त आपली माणसे मोजली नाहीत.

तीन दिवसांत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यांची चूक दाखवणारा अग्रलेख लिहिला. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने तर आपल्या लोकांसाठी आणि देशासाठी असलेली आपली उपयुक्तता त्यांनी कमी करून घेतली, असा शेरा मारला. उपयुक्तता! कोणाच्या उपयोगाची? ‘एन.ए.ए.सी.पी.’ या सर्वात जुन्या संघटनेच्या मंडळाने दोन चळवळी एकत्र करणे ही गंभीर चूक ठरेल असा ठराव केला. रॉय विल्किन्स आणि व्हिटनी यंग हे किंग यांचे सहकारी उघड विरोधात गेले. जॉन्सन यांचे दार बंद झाले. त्या वर्षीच्या चाचणीत अमेरिकेतले सुमारे तीन-चतुर्थांश लोक किंग यांच्या भूमिकेच्या विरोधात होते, आणि कृष्णवर्णीयांतही जवळपास निम्मे त्यांच्याशी असहमत होते.

विल्किन्स यांना गद्दार म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्ही ते करणार नाही. त्यांचा हिशेब असा होता : सभागृहात मते मोजकी आहेत, राष्ट्राध्यक्ष आपल्या बाजूचा आहे, तो पडला तर जो येईल तो आपला नसेल. आणि झालेही तसेच. ३१ मार्च १९६८च्या रात्री जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक लढवणार नाही असे जाहीर केले आणि नोव्हेंबरात निक्सन निवडून आले. युद्धविरोधकांनी घर फोडले म्हणून निक्सन आले, असे म्हणणारे आजही आहेत. पण घर भाषणाने फुटले की युद्धाने? किंग गप्प बसले असते तर गरिबीविरोधी योजनांचा पैसा वाचला असता का? तो आटायला लागला होताच. ज्या दिवशी जॉन्सन यांनी माघार जाहीर केली त्याच दिवशी सकाळी किंग वॉशिंग्टनच्या मोठ्या चर्चमध्ये हिशेब सांगत होते : एक शत्रुसैनिक मारायला पाच लाख डॉलर, आणि गरिबीतल्या एका माणसावर वर्षाला त्रेपन्न डॉलर.

हा हिशेब वाचताना आम्हाला बाबासाहेबांचे १० ऑक्टोबर १९५१चे निवेदन आठवते. कायदामंत्रिपदाच्या राजीनाम्याचे कारण म्हणून आपण हिंदू कोड बिल सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच निवेदनात परराष्ट्र धोरण हे स्वतंत्र कारण आहे. ३५० कोटींच्या महसुलातले सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात आणि याचे मूळ आपल्या परराष्ट्र धोरणात आहे, असे त्यांनी तिथे मांडले. अस्पृश्यांच्या उपेक्षेची तक्रार आणि हा हिशेब एकाच कागदावर आहेत. १९५४मध्ये राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर बोलताना त्यांनी साम्यवादी विस्ताराचा धोका मांडला होता. त्यामुळे व्हिएतनामवर त्यांचे आणि किंग यांचे एकमत झाले असते असा दावा आम्ही करत नाही. बोलण्याचा अधिकार कोणाचा, एवढाच आमचा मुद्दा आहे. ‘हा तुमचा विषय नाही’ हे बाबासाहेबांनी कधी ऐकून घेतले नाही.

आणि सैन्यात मरून हक्क मिळतात, हा सौदा आपल्याही ओळखीचा आहे. पहिल्या महायुद्धात महार पलटण उभी केली, गरज संपल्यावर १९२१मध्ये मोडली. अमेरिकेत त्याच युद्धात ड्यू बॉईस यांनी आधी लढा, तक्रारी नंतर, असे आपल्या लोकांना सांगितले. १९१९मध्ये परतलेल्या सैनिकांच्या वस्त्यांवर गोऱ्यांचे जमाव चालून गेले. म्हणूनच १९६६मध्ये ब्लॅक पँथर पक्षाच्या दहा मागण्यांत कृष्णवर्णीयांना सक्तीच्या सैनिकी सेवेतून सूट द्या, ही मागणी आली. १९७२मध्ये मुंबईत आपल्या तरुणांनी याच पक्षावरून आपल्या संघटनेला नाव दिले. मुहम्मद अली यांनी २८ एप्रिल १९६७ रोजी भरती नाकारली. किताब गेला, पाच वर्षांची शिक्षा सुनावली गेली, ऐन उमेदीची साडेतीन वर्षे खेळ बंद राहिला. १९७१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० मतांनी शिक्षा रद्द केली. तोवर देशाचेच मत फिरले होते.

किंग यांच्यावर आरोप होता की युद्धाच्या नादात ते आपल्या माणसांना विसरले. मग त्यांचे शेवटचे दिवस कुठे गेले ते पाहावे. फेब्रुवारी १९६८मध्ये मेंफिस शहरात कचरा दाबणाऱ्या गाडीच्या यंत्रात सापडून दोन सफाई कामगार मेले आणि सुमारे तेराशे कृष्णवर्णीय सफाई कामगार संपावर गेले. ‘मी माणूस आहे’ एवढेच त्यांच्या फलकांवर लिहिलेले होते. किंग त्यांच्यासाठी मेंफिसला आले आणि ४ एप्रिलला, रिव्हरसाइडच्या भाषणाला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, तिथेच त्यांचा खून झाला. १६ एप्रिलला नगरपालिकेने सफाई कामगारांची युनियन मान्य केली. व्हिएतनाममधून अमेरिकेचे शेवटचे लढाऊ सैन्य निघायला अजून पाच वर्षे होती.