नागरी सद्गुण : औरंगाबादमधील परंपरा व कसोटी

नागरी सद्गुण म्हणजे कुल, जात, पंथ यांच्या मर्यादेपलीकडे जाऊन समाईक हितासाठी स्वेच्छेने झटण्याची, सार्वजनिक वस्तू आपली मानून जपण्याची आणि इतर नागरिकांना आपल्या बरोबरीचे लेखण्याची वृत्ती होय. केवळ दंडाच्या भयाने घडणारे आचरण या संज्ञेत मोडत नाही. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू (१६८९–१७५५) याच्या मते जुलमी राजवट भीतीवर आणि राजेशाही मानमरातबावर चालते, तर प्रजासत्ताक हे नागरिकांच्या सद्गुणांवर तगून राहते. भारतीय समाजाच्या संदर्भात या प्रश्नाची सर्वांत परखड मांडणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१८९१–१९५६) यांनी केली. लाहोरच्या परिषदेसाठी १९३६ मध्ये लिहिलेल्या, पण तेथे होऊ न शकलेल्या भाषणात त्यांनी असे दाखवून दिले, की जातिव्यवस्थेत माणसाची निष्ठा, दानबुद्धी व सहानुभूती जातीपुरतीच उरते. त्यामुळे ‘सर्व लोक’ ही कल्पनाच मूळ धरू शकत नाही. ज्या औरंगाबाद शहरात त्यांनी पुढे महाविद्यालय स्थापन केले, त्या शहराचा इतिहास या मांडणीच्या दृष्टीने अभ्यासनीय आहे. या शहराचे व जिल्ह्याचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर असे आहे.

धर्मक्षेत्र : शहराच्या दक्षिणेस गोदावरीकाठी वसलेले पैठण हे धर्मशास्त्राचे जुने पीठ. तेथील संत एकनाथ (१५३३–९९) यांच्या परंपरागत चरित्रकथांत श्राद्धासाठी सिद्ध केलेले अन्न भुकेल्या अस्पृश्यांना वाढणे, काशीहून आणलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिती करणे आणि वाळवंटात होरपळणारे महाराचे मूल कडेवर घेणे, हे तीन प्रसंग विशेष प्रसिद्ध आहेत. ऐतिहासिक पुरावा म्हणून त्यांचे मूल्य काहीही असले, तरी समाजाने कोणते वर्तन आदर्श म्हणून स्मरणात ठेवले, हे त्यांवरून कळते. एकनाथांनी आपल्या भारुडांत महार, जोगी, फकीर यांच्या मुखी परमार्थ घातला, तर ‘हिंदु-तुर्क संवादा’त दोन धर्मीयांच्या कडाक्याच्या वादाचा शेवट सलोख्यात केला. तथापि त्यांच्या या करुणेने पैठणचे पाणवठे सर्वांना खुले झाले नाहीत. एका पुरुषाचा थोर आचार आणि साऱ्या गावाची रीत यांत अंतर राहिले.

शहराच्या स्थापनेपासूनच पाण्याचा प्रश्न समाईक होता. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर (मृत्यू १६२६) याने १६१० मध्ये खडकी येथे नगर वसविले आणि डोंगरपायथ्याचे पाणी केवळ उताराच्या बळावर भूमिगत नहरीने शहरात आणले. ‘नहर-ए-अंबरी’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. पुढे तिच्या जोडीला आणखी नहरी झाल्या व त्यांपैकी काहींचे पाणी विसाव्या शतकातही वापरात होते. खाम नदीकाठची पाणचक्की हे याच जलविद्येचे धार्मिक संस्थेशी जोडले गेलेले रूप होय. नक्शबंदी संप्रदायाचे सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात दूरवरून मातीच्या नळांनी आणलेल्या पाण्याच्या जोरावर जाते फिरे आणि त्याचे पीठ फकिरांच्या व येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या अन्नासाठी खर्ची पडे. दानशूर व्यक्ती निवर्तल्यावरही दान चालू राहील अशी येथे योजना होती, हा तिचा विशेष. नागरी सद्गुण टिकावयाचा, तर सद्भावनेला अशा संस्थेचा आधार द्यावा लागतो.

शिक्षण : हैदराबाद संस्थानात मराठवाड्यातील बहुसंख्यांची भाषा मराठी असली, तरी राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग झाला. परंतु मराठी, तेलुगू व कन्नड भाषिकांना त्याचा लाभ परक्या माध्यमातून घ्यावा लागे. खाजगी शाळा व सार्वजनिक सभा यांवर सरकारी परवानगीची बंधने होती. त्यांपैकी सभाबंदीविषयीचे ‘गश्ती ५३’ हे परिपत्रक कुप्रसिद्ध आहे. या परिस्थितीत लोकवर्गणीतून शाळा काढणे हे सार्वजनिक कार्याचेच एक रूप बनले. औरंगाबादेत १९१५ मध्ये सुरू झालेली सरस्वती भुवन ही संस्था या प्रयत्नांपैकी प्रमुख होय. सभा भरविणे दुरापास्त असताना शाळेचे वर्ग, वाचनालये व गणेशोत्सव यांतून लोकांनी एकत्र येऊन काम करण्याचा सराव केला.

धर्म, शिक्षण व सार्वजनिक जीवन ही तिन्ही क्षेत्रे स्वामी रामानंद तीर्थ (१९०३–७२) यांच्या चरित्रात एकत्र आलेली दिसतात. पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर हे हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक होते. १९३२ मध्ये त्यांनी संन्यास घेतला, पण शाळा सोडली नाही. पुढे अंबाजोगाई येथे शिक्षणकार्य करून १९३८ मध्ये ते स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले. भगवी वस्त्रे धारण करणाऱ्या या नेत्याचा आग्रह मात्र धर्मराज्याचा नसून जबाबदार राज्यपद्धतीचा होता. १९५७ मध्ये ते औरंगाबाद मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले.

त्याच वर्षी, म्हणजे १९३८ च्या अखेरीस, औरंगाबादच्या इंटरमीजिएट महाविद्यालयाच्या आणि हैदराबादेतील उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही; परिणामी अनेकांना शिक्षणसंस्थांतून काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला म्हणून त्यांचे शिक्षण पुढे चालू राहिले. दूरच्या एका विद्यापीठाने अपरिचित विद्यार्थ्यांची जबाबदारी स्वीकारणे, हेही नागरी कर्तव्याचे उदाहरणच होय. गणिताचे व्यासंगी गोविंदभाई श्रॉफ (१९११–२००२) हे सरकारी शाळेतील शिक्षकाची नोकरी सोडून याच काळात चळवळीत आले. पुढे सरस्वती भुवनच्या उभारणीत व मराठवाड्याच्या विकासाच्या प्रश्नांत त्यांनी आयुष्य वेचले.

डॉ. आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने (१९४५) जून १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. महाविद्यालयाला ‘मिलिंद’ व परिसराला ‘नागसेनवन’ ही नावे मिळाली. बौद्ध परंपरेतील मिलिंद राजा भिक्षू नागसेनाला निर्भयपणे प्रश्न विचारतो आणि पटल्यावर ते मान्यही करतो. शंका विचारण्याचे धैर्य आणि उत्तर स्वीकारण्याची सरळता हे दोन गुण विद्यार्थ्यांच्या अंगी बाणावेत, हा या नावांचा आशय. महाविद्यालय सर्व जातिधर्मांना खुले होते. तथापि ज्यांच्या घरात शिक्षणाची परंपरा नव्हती, अशा खेड्यांतील दलित तरुणांना वसतिगृहांमुळे तेथे राहून शिकता आले. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या काळात नाट्य व लेखन यांना तेथे उत्तेजन मिळाले. १९६० नंतरच्या दशकांत बहरलेल्या दलित साहित्याच्या जडणघडणीत या परिसराचा आणि गंगाधर पानतावणे (१९३७–२०१८) यांच्या अस्मितादर्श या नियतकालिकाचा वाटा मोठा आहे. आजवर ज्यांच्याविषयी इतर बोलत आले, ते स्वतः बोलू लागले. नागरिकत्वाची ही पहिली पायरी होय.

सार्वजनिक जीवन : १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यापूर्वी रझाकारांनी हिंदूंवर व राज्यविरोधकांवर अत्याचार केले होते. नंतर संस्थानाच्या अनेक भागांत सामान्य मुसलमानांवर सूड उगविण्यात आला. भारत सरकारने धाडलेल्या पं. सुंदरलाल यांच्या समितीने या हत्यांची नोंद केली. तिच्याच अहवालात, स्वतःचा जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंचाही निर्देश आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले, असे समितीस आढळले. राज्यसत्ता व धार्मिक आवाहन ही दोन्ही जेथे निष्फळ ठरली, तेथे एका व्यवसायातील नित्याचा सहवास उपयोगी पडला, ही बाब लक्षणीय आहे.

मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये स्थापन झाले. २७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी त्यास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला आणि लगोलग मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत दलितांची घरे जाळण्याचे, त्यांना मारहाण करण्याचे व ठार मारण्याचे प्रकार घडले. ज्यांचा विद्यापीठाशी काडीचाही संबंध नव्हता, अशा भूमिहीन मजुरांना त्याची झळ सर्वाधिक पोहोचली. नामांतरास विरोध करणाऱ्यांत गोविंदभाईंसारखे मुक्तिसंग्रामातील त्यागी नेतेही होते. मराठवाड्याची प्रादेशिक अस्मिता पुसली जाऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. हिंसा करणाऱ्यांशी त्यांची गल्लत करणे अन्यायाचे होईल. तथापि प्रदेशाची अस्मिता आणि प्रदेशातील एका मोठ्या वर्गाचा आत्मसन्मान ही परस्परविरोधी वाटावीत, यातच त्या काळच्या सार्वजनिक जीवनाचे न्यून दिसून आले. एस. एम. जोशी, बाबा आढाव यांसारखे समाजवादी कार्यकर्ते नामांतराच्या बाजूने उभे राहिले. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून औरंगाबादकडे दीर्घ पदयात्रा निघाली. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. प्रदेशाचे नाव राहिले व त्यास डॉ. आंबेडकरांचे नाव जोडले गेले. हा तोडगा सुचण्यास नव्हे, तर स्वीकारण्यास साडेपंधरा वर्षे लागली आणि त्यासाठी अनेकांना प्राणांचे मोल द्यावे लागले.

मूल्यमापन : औरंगाबादच्या इतिहासात त्यागाची वाण नव्हती. संतांची करुणा, सूफींचे अन्नदान, शिक्षकांची निष्ठा व सत्याग्रहींचे धैर्य ही सर्व येथे विपुल आढळतात. उणीव जाणवते ती प्रतिष्ठेच्या समान वाटपात. अन्न देणे, शाळेचे दार उघडणे आणि सन्मानात वाटेकरी मानणे या तीन चढत्या पायऱ्या असून तिसरी सर्वांत अवघड ठरली. कारण पहिल्या दोहोंत देणाऱ्याचे उच्च स्थान अबाधित राहते, तिसरीत ते सोडावे लागते. भारतीय संविधानात १९७६ मध्ये समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांत बंधुभाव वाढविणे व सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण करणे ही कर्तव्ये आहेत. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून ती पाठ करता येतात. त्यांचा सराव मात्र दैनंदिन व्यवहारातच होतो.

हा सराव आजही साध्यासुध्या बाबींत कसाला लागतो. महानगरपालिकेने (स्थापना १९८२) वर्षानुवर्षे शहराचा कचरा नारेगावच्या आवारात टाकला. फेब्रुवारी २०१८ मध्ये परिसरातील ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या, तेव्हा आपली घाण कोणाच्या दारात जाते, हे शहरवासीयांना प्रथमच उमगले. मलिक अंबरने पाणी खेळविलेल्या या शहराची तहान आता पैठणच्या जायकवाडी धरणावर भागते. त्या जलाशयास एकनाथांच्या स्मरणार्थ नाथसागर म्हणतात. त्याचे पाणी कोणत्या वस्तीला किती दिवसांनी व कोणत्या क्रमाने मिळावे, हा प्रश्न तांत्रिक आहे तितकाच नैतिकही आहे. धर्मग्रंथ, पाठ्यपुस्तके व संविधान यांतून शिकविलेल्या समतेची परीक्षा अखेर अशाच वाटपात होत असते.