हिवाळ्यातील कंद आणि उपवासाचा फराळ

मार्गशीर्ष लागला की माळव्यातील बाजारांत गराडू, सुरण आणि रताळी यांचे ढीग दिसू लागतात. मोक्षदा एकादशी ते महाशिवरात्र हा उपवासांचा काळही हाच. तरीही आपल्या घरांत फराळ म्हणजे साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले वडे, असेच समीकरण होऊन बसले आहे. मग ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण खरी ठरते. प्रत्येक कंदाचा स्वभाव ओळखून तो शिजविल्यास फराळ हलकाही होतो व रुचकरही. भाविकांच्या उपयोगासाठी त्याची माहिती येथे देत आहोत.

गराडू : इंदूरच्या सराफ्यात रात्री तळून, मसाला व लिंबू घालून मिळणारा गराडू आणि महाराष्ट्रातील कोनफळ हे एकाच जातीचे कंद होत. गुजरातेत उंधियूत पडणारा कंदही हाच. तेथे त्यास ‘रताळू’ म्हणतात. आपले रताळे निराळे. गराडू कच्चा चिरताना हाताला खाज सुटते, म्हणून तो सालीसकट वाफवून मग सोलावा. फोडी तव्यावर चमचाभर तुपात खरपूस परताव्यात व वरून सैंधव, मिरपूड आणि लिंबू घालावे. तळणाची गरज उरत नाही.

सुरण : सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात; घसा खवखवतो तो त्यांमुळे. यावर आंबटाचा उपाय आपल्या आजीबाईंना ठाऊक होता. फोडी आमसुलाच्या पाण्यात काही वेळ ठेवून ते पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात सुरण पूर्ण मऊ शिजवावा. नंतर तो कुस्करून दही, दाण्याचे कूट व हिरवी मिरची घालावी आणि तूप-जिऱ्याची फोडणी द्यावी. उत्तम भरीत होते. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र सुरण वैद्यकीय सल्ल्यानेच खावा.

रताळे : मंद आचेवर सावकाश भाजताना रताळ्यातील पिष्टाचा काही भाग साखरेत पालटतो. चुलीच्या राखेतील रताळे इतके गोड लागे, त्याचे कारण हेच. आता जाड बुडाच्या कढईत झाकण ठेवून तसेच भाजता येते. उकडलेले रताळे किसून दूध व वेलदोडा घातल्यास वेगळी साखर न घालताही खीर गोड लागते. मधुमेही भाविकांनी भाजलेल्यापेक्षा उकडलेले रताळे पसंत करावे आणि तेही थोडे. अशा व्यक्तींनी उपवास करण्यापूर्वी डॉक्टरांस विचारणे अगत्याचे आहे.

कोणता कंद उपवासास चालतो याविषयी घरोघरच्या रीती भिन्न आहेत. त्या अवश्य पाळाव्यात. परंतु उपवासाच्या दिवशी पोटास विसावा मिळावा, हा हेतू सर्वांचा एकच आहे. येत्या एकादशीस कढईऐवजी वाफेचे भांडे चुलीवर चढवावे, एवढीच आमची सविनय सूचना.